आवाज दारूचा, पंजा साखरेवर

पिंजऱ्यात दोन कळा. एक दाबली की वाटीत पातळ केलेली दारू थोडीशी येते, दुसरी दाबली की साखरेचं पाणी. उंदराला दारूची चव सहसा रुचत नाही, म्हणून बऱ्याच प्रयोगांत आधी तिच्यात साखर घालतात आणि हळूहळू ती कमी करत आणतात. (माणसांची सुरुवातही अनेकदा कोल्ड्रिंक मिसळूनच होते.)

कळा दाबायला शिकवून झालं की त्या काढून घेतात. आता उंदराने काहीच करायचं नाही. एक आवाज झाला की दारू आपसूक येते, दुसरा झाला की साखरपाणी. कुठला आवाज कुठल्या कळीचा, हे त्याला कधीच शिकवलेलं नसतं. मग कळा परत बसवतात, आवाज ऐकवतात आणि वाटी मुद्दाम कोरडी ठेवतात. एक घोट जरी मिळाला, तरी उंदीर आवाजाने चाळवलाय की चवीने, हे कळणार नाही.

लॉरा कॉर्बिट आणि पॅट्रिशिया जनाक या संशोधकांनी २००७ मध्ये असा प्रयोग प्रसिद्ध केला. साखरेचा आवाज ऐकून उंदीर साखरेचीच कळ जास्त दाबू लागले. यात नवल नाही. दारूचा आवाज ऐकल्यावर मात्र ते दोन्ही कळांवर तुटून पडले!

म्हणजे दारूची खूण फक्त दारूची आठवण करून देत नाही, काहीतरी हवंय अशी चुळबुळच लावून देते. साखर जिभेवर लगेच कळते, दारू चढायला वेळ लागतो. फरक तिथे असावा, असं मला वाटतं. पण लगेच चखण्याच्या बशीकडे बोट दाखवू नका, हे उंदीर आहेत.

कराचीत जन्मलेल्या आणि माँट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठात शिकवलेल्या संशोधक नादिया चौधरी (२०२१ मध्ये त्यांचं निधन झालं) यांनी जागेचा प्रश्न घेतला. आवाज झाला की दारू, हे उंदीर एका पेटीत शिकले. मग त्यांना वेगळ्या वासाच्या, वेगळ्या जमिनीच्या पेटीत ठेवून तोच आवाज दारूविना इतक्यांदा ऐकवला की त्यांनी वाटीकडे जाणंच जवळजवळ सोडलं. सवय मोडली म्हणावं, तर जुन्या पेटीत नेऊन आवाज केल्याबरोबर तोंडं पुन्हा वाटीत. दारू तिथेही ठेवलेली नव्हती.