पार्श्वभूमी : कुत्र्याची झोप कुणी आणि कशी मोजली?

घरात पहिल्यांदाच कुत्रा आणलेली माणसं डॉक्टरांना हमखास विचारतात, "हा दिवसभर झोपूनच असतो, आजारी तर नाही ना?" बहुतेक वेळा नसतो. मोठा कुत्रा चोवीस तासांत साधारण १० ते १२ तास झोपतो, तर पिल्लू १८ ते २० तासही. आज आपण हे सहज सांगतो, पण या अभ्यासाची सुरुवात सुखाची नव्हती. कुत्र्याची झोप समजून घेण्यासाठी विज्ञानाने आधी ती मोडली.

नुसत्या निरीक्षणातून कळलेलंही कमी नव्हतं. कुत्र्याकडून घ्यायचे सहा गुण चाणक्यनीतीत सांगितले आहेत. त्यातलाच एक 'सुनिद्रो लघुचेतनः', म्हणजे छान झोपणारा, पण चाहूल लागताच जागा होणारा. दुपारी दाराशी पसरलेल्या कुत्र्याकडे बघा. डोळे मिटलेले, पोट संथ वरखाली होतंय, आणि लिफ्टचं दार वाजलं की एकच कान तेवढा वळतो. पाऊल ओळखीचं असेल तर कान परत पडतो, नाहीतर स्वारी उठून उभी. १९९३ साली ऑस्ट्रेलियात अॅडम्स आणि जॉन्सन या संशोधकांनी कुत्र्यांच्या रात्री मोजल्या. सरासरी १६ मिनिटं झोप आणि ५ मिनिटं जाग, असं चक्र आठ तासांत सुमारे २३ वेळा फिरतं, असं त्यांना आढळलं. आपल्यासारखी सलग रात्र काढणं कुत्र्याच्या स्वभावातच नाही. म्हणूनच तो दिवसाही डुलक्या घेतो.

प्रयोगशाळेतला इतिहास सुरू होतो रशियात. मारिया मानासेइना या संशोधक स्त्रीने १८९४ मध्ये दहा पिल्लांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. पिल्लांना खायला-प्यायला मिळत होतं, फक्त झोपू दिलं जात नव्हतं. चार-पाच दिवसांत ती सगळी मेली. त्यांच्या शरीराचं तापमान उतरत गेलं, मेंदूत बिघाड दिसले. वीस-पंचवीस दिवस उपाशी राहिलेला कुत्राही वाचवता येतो, पण झोप तोडलेला वाचत नाही, असा तिचा निष्कर्ष होता. झोप म्हणजे मेंदूचं नुसतं थंडावणं, असं मानणाऱ्या काळात तिने झोपेला अन्नाच्याही आधीची गरज ठरवलं. हे वाचताना आजही जीव कासावीस होतो. तरी ही गोष्ट त्या पिल्लांमुळे कळली, हे विसरू नये.

पुढे जपानमध्ये इशिमोरी आणि फ्रान्समध्ये लजांद्र व प्येराँ यांनी जागरण घडवलेल्या कुत्र्यांच्या शरीरातला द्रव ताज्यातवान्या कुत्र्यांना टोचला. तेही झोपले. १९२० च्या दशकात पिल्लांना जागं ठेवणारे क्लाइटमन १९५३ मध्ये शिकागोत, अॅझरिन्स्की या विद्यार्थ्याबरोबर, माणसांमधल्या 'रेम' झोपेपर्यंत पोचले. या झोपेत बुबुळं भराभर हलतात आणि स्वप्नं पडतात. झोपेत पंजे उडवणारा, बारीक भुंकणारा आपला कुत्रा बहुधा याच टप्प्यात असतो. अशा वेळी त्याला हलवून उठवू नये.

कुत्र्यांनी माणसांना सर्वांत मोठं देणं दिलं ते अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात. 'नार्कोलेप्सी' या विकारात माणसाला दिवसा अनावर झोप येते, कधी हसता-हसता अंगातली शक्तीच जाते. काही डॉबरमनमध्ये हा विकार पिढीजात होता. आवडीचं खाणं समोर आलं की आनंदाच्या भरातच ते कोसळायचे. १९७० च्या दशकात विल्यम डिमेंट यांनी असे कुत्रे सांभाळायला घेतले, आणि १९९९ मध्ये इमॅन्युएल मिन्यो यांच्या गटाने त्यांच्यातला दोष शोधून काढला. जागं ठेवणाऱ्या हायपोक्रेटिन या रसायनाचा संदेश घेणारं जनुकच बिघडलेलं होतं. पुढच्याच वर्षी कळलं की या विकाराच्या बहुतेक माणसांमध्ये ते रसायनच उरलेलं नसतं. निद्रानाशावरची काही नवी औषधं याच मार्गावर काम करतात. त्या कळपातला शेवटचा कुत्रा, बेअर, मिन्यो यांनी स्वतःच्या घरी नेला.

खरा पालट हंगेरीतल्या बुडापेस्टमध्ये झाला. २०१४ मध्ये अॅना किश आणि सहकाऱ्यांनी पाळीव कुत्र्यांच्या डोक्यावर मेंदूलहरी टिपणारे इलेक्ट्रोड नुसते चिकटवून झोपेची नोंद घेतली. सुई नाही, शस्त्रक्रिया नाही, आणि मालक शेजारीच. त्यांच्या कुत्र्यांनी हंगेरियनऐवजी इंग्रजीत आज्ञा शिकल्यावर झोपेतल्या मेंदूलहरी बदललेल्या दिसल्या. घरी मराठी बोलून कुत्र्याला 'सिट' आणि 'स्टे' शिकवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं : शिकवणीनंतरची डुलकी हाही शिकण्याचाच भाग आहे. २०१७ च्या दुसऱ्या प्रयोगात, वाईट अनुभव आलेले कुत्रे लवकर झोपले, पण त्यांच्या झोपेची घडण वेगळी होती. रेम जास्त, शांत झोप कमी. घाबरलेला कुत्रा पटकन झोपला म्हणजे तो सावरला, असं मानता येत नाही.

म्हाताऱ्या कुत्र्यांचा अभ्यास त्यामानाने अलीकडचा. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाने २०२३ मध्ये दाखवलं, की बुद्धिभ्रंशाची लक्षणं जितकी जास्त, तितकी झोप कमी. वयस्क कुत्रा रात्री घरभर फिरत असेल, भिंतीकडे बघत उभा राहत असेल, तर त्याला रागावू नका. कोणत्या वेळी, किती वेळ, हे टिपून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.