‘गुड’, ‘फूड’ आणि ‘ब्लड’ यांचं बिनसलं कुठे?

परवा भाचीच्या वहीत एक छापील कागद चिकटवलेला दिसला. मथळा होता ‘यमक जुळणारे इंग्रजी शब्द व त्यांचे अर्थ’. गुड–फूड, कम–होम, लव्ह–मूव्ह, कट–पुट अशा जोड्या, आणि प्रत्येकीपुढे मराठी अर्थ. भाची मोठ्यानं वाचत होती. ‘कम... होम’पाशी ती थांबली, पुन्हा म्हणून पाहिलं आणि म्हणाली, “मामा, हे जुळत नाहीये.”

तिचं बरोबर होतं. कागद चुकला होता. तो करणाऱ्यानं कान बाजूला ठेवून फक्त स्पेलिंगची शेपटं पाहिली होती. ‘कम’ आणि ‘होम’ दोन्ही ओ-एम-ई नं संपतात, म्हणून लावली जोडी. अशा याद्या मी याआधीही पाहिल्या आहेत आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण चूक दुरुस्त करायची राहते ती राहतेच, शिवाय त्या चुकीच्या पोटात दडलेली विलक्षण गोष्ट मुलांना कुणी सांगतच नाही.

नियम साधा आहे. शब्दात ज्या स्वरावर शेवटचा जोर पडतो, तो स्वर आणि त्यापुढचं सगळं सारखं ऐकू यायला हवं. त्याआधीचं व्यंजन वेगळं हवं. यात अक्षरांचा काही संबंध नाही. ‘मोशन’ आणि ‘ओशन’ यांची स्पेलिंगं बघितली तर सोयरीक जुळेल असं वाटणार नाही, पण यमक चोख आहे. ‘लाइट’ आणि ‘काइट’चंही तसंच. उलट एस-एच-ओ-ई ‘शू’ होतो आणि टी-ओ-ई ‘टो’ होतो. डोळ्यांना जुळे, कानाला परके. नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या अशा यमकांना इंग्रजीत ‘आय ऱ्हाइम’ म्हणतात.

मराठी माणूस इथे हमखास फसतो, कारण देवनागरीत बहुतांशी जसं लिहितो तसं बोलतो. ‘पाणी’ आणि ‘गाणी’ डोळ्यांनाही जुळतात आणि कानालाही. तीच सवय घेऊन आपण इंग्रजीकडे जातो.

आता त्या कागदावरची पहिलीच जोडी घेऊ आणि तिच्यात तिसरा शब्द घालू: गुड, फूड, ब्लड. तिन्हींत डबल ओ, तिन्हींच्या शेवटी डी. तरी एकात ऱ्हस्व उ, दुसऱ्यात दीर्घ ऊ, तिसऱ्यात चक्क अ. इंग्रजी ही बेशिस्त भाषा आहे, असं म्हणून लोक इथेच विषय संपवतात. मला ते पटत नाही. सहाशे वर्षांपूर्वी या तिघांचं यमक पक्कं जुळत होतं. तेव्हा तिन्हींत एकच स्वर होता, लांबवलेला ओ. साधारण ‘गोऽड, फोऽड, ब्लोऽड’ असे ते उच्चार होते. डबल ओ लिहिला जायचा तो उगाच नाही; लांब ओ, म्हणून दोन ओ.

मग झालं काय? हे समजायला एक गोष्ट करून पाहा. हनुवटीखाली मूठ धरा आणि आ, ओ, ऊ असं सावकाश म्हणा. जबडा टप्प्याटप्प्यानं वर येतो, मुठीवरचा दाब कमी होतो. तोंडाच्या आत जिभेचा मागचा भागही तसाच वर चढत असतो. आता आ, ए, ई म्हणा. जबडा पुन्हा वर येतो, पण या वेळी चढतो तो जिभेचा पुढचा भाग. म्हणजे तोंडात दोन शिड्या आहेत असं समजा, एक पुढे, एक मागे. तळाशी आ, वरच्या टोकाला ई आणि ऊ.

ढोबळमानानं १४०० ते १७०० या काळात इंग्लंडमध्ये इंग्रजीचे सगळे दीर्घ स्वर या शिड्यांवर वर सरकले. डेन्मार्कचे भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी १९०९ मध्ये त्याला ‘ग्रेट व्हॉवेल शिफ्ट’ हे नाव दिलं. आपण ‘महास्वरांतर’ म्हणू. लांब ए चा ई झाला, म्हणून आधीचा ‘मेऽट’ आज ‘मीट’ आहे. लांब ओ चा ऊ झाला, म्हणून ‘फोऽड’चा ‘फूड’. त्याखालचा ऑ वर येऊन ओ झाला, म्हणून ‘हॉऽम’चा ‘होम’. तळाचा आ वर चढत ए पर्यंत पोहोचला. आज ज्याला आपण ‘नेम’ म्हणतो तो शब्द त्या काळी जवळजवळ ‘नामऽ’ असा म्हटला जायचा. मराठी वाचकाला इथे थबकायलाच हवं, कारण आपलं ‘नाम’ आणि इंग्रजी ‘नेम’ खरोखरच एका मूळ शब्दाचे वंशज आहेत. स्वरांतरानं आ चा ए केला नसता तर हे नातं शाळकरी पोरालाही ऐकू आलं असतं.

शिडीच्या टोकावर आधीच बसलेल्या ई आणि ऊ यांना मात्र वर जागाच नव्हती. ते फुटले आणि त्यांचे जोडस्वर झाले. ई चा शेवटी ‘आइ’ झाला, त्यामुळे जुना ‘टीम’सारखा उच्चार ‘टाइम’वर आला. ऊ चा ‘आउ’ झाला. ‘हूस’चा ‘हाउस’, ‘मूस’चा ‘माउस’. हा ‘मूस’ म्हणजे आपल्या मूषकाचा भाऊबंद. वरच्यांनी आधी जागा रिकामी केली आणि खालचे तिथे ओढले गेले, की खालच्यांनी रेटल्यामुळे वरचे फुटले, यावर अभ्यासकांचा वाद अजून चालू आहे. दोन्ही बाजू मान्य करतात ते एवढंच, की साखळीतली एक कडी हलली की शेजारची हलते. दोन स्वर एकाच पायरीवर आले तर शब्दांची गल्लत होते. कधी कधी तशी ती झालीही: ‘मांस’ या अर्थाचा मीट आणि ‘भेटणे’ या अर्थाचा मीट आधी वेगळे ऐकू यायचे, आता एक झाले.

इंग्रजी मुळाक्षरांची नावंसुद्धा यात सापडली. युरोपातल्या बहुतेक भाषांत पहिल्या अक्षराला आ म्हणतात. इंग्रजीत त्याचं ‘ए’ झालं, ‘ए’चं ‘ई’ झालं आणि ‘ई’चं ‘आय’. एकेक पायरी वर.

पण यानं फक्त ‘फूड’चं कोडं सुटलं. गुड आणि ब्लड यांचं काय? तेही आधी ऊ पर्यंत चढले होते, ‘गूड’ आणि ‘ब्लूड’ होऊन. मग आणखी एक गोष्ट घडली: ड, ट, क यांसारख्या व्यंजनांआधीचा दीर्घ ऊ काही शब्दांत आखूड होऊ लागला. सगळ्या शब्दांत एकदम नाही. ब्लड आणि फ्लड आधी आखडले. पुढे सतराव्या शतकात दक्षिण इंग्लंडमध्ये ऱ्हस्व उ ओठांचा गोलावा सोडून अ कडे कलला. त्या वेळी ज्या ज्या शब्दांत ऱ्हस्व उ होता ते बहुतेक सगळे त्या लाटेत गेले. ‘कुट’चा ‘कट’ झाला, ‘कुप’चा ‘कप’, आणि नुकताच ऱ्हस्व झालेला ‘ब्लुड’ही त्यांच्यासोबत ‘ब्लड’ झाला. ‘गूड’ तेव्हा अजून दीर्घच होता. तो आखडला लाट ओसरल्यावर, म्हणून ‘गुड’वरच थांबला, फुट आणि बुक त्याच्याच रांगेतले. ‘फूड’ आणि ‘मून’ कधीच आखडले नाहीत. म्हणजे उशीर कुणाला किती झाला, यावर तिघांचं आजचं रूप ठरलं.

कागदावरची ‘कट–पुट’ ही जोडीही याच लाटेची. प, ब, फ म्हणताना ओठ मिटतात किंवा आवळले जातात. त्या ओठांच्या शेजारामुळे पुट, पुल, बुल, फुल यांतल्या उ चा गोलावा बहुधा टिकून राहिला. ‘बट’सारखे काही तरीही निसटले.

आणि स्पेलिंग? विल्यम कॅक्स्टननं १४७६ साली वेस्टमिन्स्टरला छापखाना टाकला. छपाईमुळे पुढच्या दीडदोनशे वर्षांत स्पेलिंग स्थिरावत गेलं, तेही उच्चार वर सरकत असतानाच. अक्षरं जुन्या जागी राहिली आणि आवाज पुढे निघून गेला. ‘रफ’, ‘दो’, ‘थ्रू’ यांच्या स्पेलिंगातलं जी-एच हेही असंच, कधी काळी घशातून काढल्या जाणाऱ्या ‘ख’सारख्या आवाजाचं अवशेष-चिन्ह. जॉन हार्ट नावाच्या गृहस्थांनी १५६९ मध्येच बोलल्याप्रमाणे लिहिण्याची पद्धत सुचवली होती. कुणी ऐकलं नाही, पण त्या काळचे उच्चार कसे होते हे कळायला त्यांचं लिखाण आज फार मोलाचं ठरतं.

ध्वनिमुद्रण नसताना हे सगळं कळलं कसं, असं कुणीही विचारेल. हार्टसारख्यांच्या नोंदी आहेतच, पण मोठा साक्षीदार म्हणजे खुद्द यमक. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला अलेक्झांडर पोपनं ‘टी’ (म्हणजे पेयातला) या शब्दाचं यमक ‘ओबे’शी जुळवलं. पोप यमकाच्या बाबतीत काटेकोर कवी होता. अर्थात तेव्हा तो शब्द ‘टे’ असाच म्हटला जात होता. चिनी भाषेबाबत तर स्वीडनच्या बर्नहार्ड कार्लग्रेन यांनी ६०१ सालच्या ‘छ्येयुन’ या यमककोशाचा आधार घेऊन दीड हजार वर्षांपूर्वीच्या उच्चारांची मांडणी केली.

आता त्या मथळ्यातल्या ‘अर्थां’कडे. यमक जुळलं म्हणून अर्थ जुळत नाही. क्रॅश, स्मॅश, बॅश, क्लॅश यांत आदळआपट आहे. बम्प, लम्प, हम्प यांत टेंगूळ किंवा उंचवटा. अशा पुंजक्यांना ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९३० मध्ये ‘फोनीस्थीम’ म्हटलं, आणि ते खरोखर अभ्यासण्यासारखे आहेत. पण ‘कॅश’ आणि ‘ॲश’ही त्याच यमकाचे, आणि रोकड किंवा राख कशावर आदळत नाही. ध्वनीच्या कंपनातच अर्थ आणि शक्ती भरलेली असते, नावातलं एक अक्षर बदललं की नशीब पालटतं, असं सांगून पैसे उकळणाऱ्यांना एवढी दोन उदाहरणं पुरेशी आहेत. यमकाची मोहिनी मात्र खरी असते. मॅथ्यू मॅकग्लोन आणि जेसिका तोफिगबख्श यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना अपरिचित म्हणी दिल्या, काही यमकासह, काही तोच अर्थ ठेवून यमक काढून. यमक असलेली म्हण लोकांना अधिक खरी वाटली. जाहिरातवाल्यांना आणि बुवाबाजांना हे प्रयोगाशिवायच ठाऊक असतं. यमकात बांधलेला आरोग्याचा सल्ला आला की आधी त्यातलं यमक मोडून पाहावं आणि मग विश्वास ठेवावा.

भाचीच्या कागदाचं मला एवढं का लागलं, त्याचंही कारण आहे. ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी चार-पाच वर्षांच्या मुलांना तीन-चार शब्द ऐकवून त्यांतला न जुळणारा ओळखायला सांगितलं होतं. ज्यांना तो ओळखता आला ती मुलं पुढे काही वर्षांनी वाचनातही सरस ठरली. आवाजांचे गट पाडायचं शिक्षण दिलेल्या मुलांची प्रगती चांगली झाली, आणि त्या आवाजांना अक्षरांची जोड दिलेल्यांची त्याहून चांगली. हा अभ्यास १९८३ चा आहे. म्हणजे यमकाचा सराव हा कानाचा सराव आहे, आणि ‘कम–होम’ची जोडी मुलाला स्वतःच्या कानावर अविश्वास दाखवायला शिकवते.

आम्ही दोघांनी मग तो कागद पुन्हा वाचला. फसव्या जोड्यांवर तिनं पेन्सिलीनं फुली मारली, आणि बाजूला नवी जोडी लिहिली: ‘फूड–मूड’. ‘लव्ह’शेजारी ‘डव्ह’ आला. ‘ब्लड’साठी तिला ‘मड’ सुचला, तोही स्पेलिंगची पर्वा न करता.

एक गोष्ट तिला सांगायची राहिली. सतराव्या शतकातली ती उ पासून अ कडे नेणारी लाट उत्तर इंग्लंडात पोहोचलीच नाही. लीड्स किंवा मँचेस्टरचा माणूस आजही ‘कप’ला ‘कुप’ आणि ‘लव्ह’ला ‘लुव्ह’ म्हणताना ऐकू येतो, आणि त्याच्या तोंडी ‘ब्लुड’ आणि ‘गुड’ यांचं यमक चोख जुळतं. लँकेशरमधली काही जुनी मंडळी तर ‘बुक’ही आखूड करत नाहीत. त्यांचा ‘बूक’ अजून ‘फूड’च्याच स्वरात आहे.