मुलांना रेबीजबद्दल शिकवणं

रेबीज म्हणजे काय, तो कशातून होतो, प्राण्यांशी कसं वागायचं आणि चावा बसलाच तर लगेच काय करायचं, हे मुलांना त्यांच्या वयाला झेपेल असं सांगणं आणि त्यांच्याकडून करून घेणं म्हणजे रेबीज शिक्षण. हे शाळेत होतं, घरी होतं, दवाखान्यात होतं, कुत्र्यांच्या लसीकरणाच्या वेळीही होतं. ऐकायला साधी गोष्ट आहे, पण रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही आणि त्याआधी जखम नीट धुऊन लसीचे उपचार वेळेवर पूर्ण झाले तर जवळजवळ नेहमीच वाचतो. म्हणजे सगळा खेळ मधल्या वेळेचा आहे, आणि तो वेळ वापरायचा तर चावा बसलाय हे कोणाला तरी कळायला हवं ना, पण चावा बसलेलं पुष्कळदा एखादं लहान मूल असतं आणि त्याला ते सांगायचीच भीती वाटत असते.

मुलांनाच का

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार रेबीजने जगात वर्षाला सुमारे ५९ हजार माणसं मरतात, त्यातली बहुतेक आशिया आणि आफ्रिकेत, आणि बळींपैकी साधारण ४० टक्के १५ वर्षांखालची मुलं असतात. माणसांना होणारा रेबीज ९९ टक्के वेळा कुत्र्याकडूनच येतो. वटवाघूळ, मांजर, माकड, मुंगूस, कोल्हा यांच्याकडूनही येऊ शकतो, अमेरिका खंडात तर आता वटवाघळं हेच मोठं कारण आहे.

मुलांची उंची कमी, त्यामुळे कुत्र्याचं तोंड बरोबर त्यांच्या चेहऱ्यासमोर येतं आणि चावा डोक्याला, गालाला, मानेला बसतो. रेबीजचा विषाणू जखमेतून नसांमधे शिरतो आणि नसांवाटे मेंदूकडे सरकत जातो, म्हणून चावा मेंदूच्या जितका जवळ तितका हातात वेळ कमी. लक्षणं दिसायला साधारण २ ते ३ महिने लागतात पण कधी आठवडाभरातही दिसतात आणि कधी वर्ष उलटून गेल्यावर. तोपर्यंत जखम भरून गेलेली असते, घरातले सगळे ती विसरलेलेही असतात.

शिवाय मुलं पिल्लांशी खेळतात. पिल्लू एवढंसं आहे, ते काय चावणार, असं मोठ्यांनाही वाटतं, पण पिल्लालाही रेबीज असू शकतो आणि त्याच्या इवल्याशा दातांचा ओरखडाही तितकाच धोक्याचा असतो. फुटलेल्या कातडीवर, डोळ्याला किंवा तोंडाला लाळ लागली तरी धोका असतो, हे मुलांना क्वचितच कोणी सांगतं.

सगळ्यात महत्त्वाचा धडा

बऱ्याच ठिकाणी शिकवताना भर असतो तो पिसाळलेला कुत्रा ओळखण्यावर, म्हणजे तोंडाला फेस, लाल डोळे, सैरावैरा पळणं वगैरे. हे अपुरं आहे आणि माझ्या मते थोडं धोकादायकही आहे, कारण रेबीज झालेला प्रत्येक कुत्रा असा दिसत नाही. काही नुसते सुस्त पडून राहतात, जबडा लोंबतो, गिळता येत नाही, आणि मूल दया येऊन त्याला पाणी पाजायला जातं. त्यात कुत्र्याच्या लाळेत विषाणू लक्षणं दिसायच्या काही दिवस आधीपासूनच येतो, म्हणजे चावला तेव्हा कुत्रा एकदम ठणठणीत वाटलेला असू शकतो. तेव्हा कुत्रा कसा दिसत होता यावरून मुलाने काहीच ठरवायचं नाही. चावलं, ओरबाडलं किंवा जखमेवर चाटलं की सांगायचं, लगेच, कोणत्याही मोठ्या माणसाला, एवढंच.

आणि इथे खरं शिक्षण मोठ्यांचं आहे. मूल लपवतं ते ओरडा बसेल म्हणून, किंवा त्याने कुत्र्याची खोडी काढलेली असते म्हणून, किंवा इंजेक्शनच्या भीतीने. पोटात चौदा इंजेक्शनं ही गोष्ट अजून सांगितली जाते, ती जुन्या लसीची, प्राण्यांच्या मेंदूच्या ऊतींपासून बनवलेली असायची ती. आताच्या लसी पेशींमधे वाढवलेल्या विषाणूपासून बनतात आणि दंडात, अगदी लहान मुलांना मांडीत, देतात, डोसही मोजकेच. हे मुलांना आधीच स्पष्ट सांगून ठेवावं, आणि ‘तू सांगितलंस तर कोणीही रागावणार नाही’ असं घरातल्यांनी म्हणावं आणि मग खरंच रागावू नये.

काही जण मुलांना घाबरवण्यासाठी रुग्णाचे तडफडतानाचे व्हिडिओ दाखवतात. हे अजिबात करू नये. घाबरलेलं मूल कुत्रा दिसला की पळतं किंवा दगड मारतं आणि दोन्हीमुळे चावा बसायची शक्यता उलट वाढते, वर चावल्यावर आपण मरणार या धसक्याने ते आणखी गप्प बसतं. त्यापेक्षा योसेफ माइस्टरची गोष्ट सांगावी. ९ वर्षांचा मुलगा, पिसाळलेल्या कुत्र्याने खूप ठिकाणी चावलेला, आणि ६ जुलै १८८५ ला लुई पाश्चर यांची लस त्याला द्यायला सुरुवात झाली आणि तो जगला, मोठा झाला, पुढे पाश्चर इन्स्टिट्यूटमधेच राखणदार म्हणून काम करत होता. आपल्याच वयाचा मुलगा वाचला हे मुलांच्या डोक्यात पक्कं बसतं.

जखम धुणं

साबण आणि वाहतं पाणी, पूर्ण १५ मिनिटं. या विषाणूवर चरबीचं आवरण असतं, ते साबणाने फुटतं आणि विषाणू निकामी होतो, म्हणून नुसतं पाणी ओतणं आणि साबणाने धुणं यात फरक आहे. पण १५ मिनिटं म्हणजे किती हे मुलांना कळत नाही, दोन मिनिटांत त्यांना खूप वेळ झाला असं वाटतं, म्हणून घड्याळ लावून नळाखाली खरोखर एकदा करून घ्यावं. मग तिखट, चुना, तेल, झाडपाल्याचा रस यातलं काहीही जखमेवर लावायचं नाही आणि सरळ दवाखाना गाठायचा. कातडी फाटून रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे विषाणूला लगेच अडवणारी तयार प्रतिपिंडं, देतात. कुत्रा किंवा मांजर १० दिवस बघायला सांगतात ते उपचार पुढे चालू ठेवायचे का हे ठरवायला, लस सुरू करायला थांबायचं म्हणून नव्हे, इथे बऱ्याच घरांत गोंधळ होतो.

कुत्र्याशी वागणं

जेवणाऱ्या, झोपलेल्या, बांधलेल्या किंवा पिल्लांजवळ असलेल्या कुत्र्याजवळ जायचं नाही. अनोळखी कुत्रा अंगावर आला तर पळायचं नाही, ओरडायचं नाही, हात अंगाशी धरून झाडासारखं स्तब्ध उभं राहायचं आणि त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही, पडलो तर गोळा होऊन हातांनी मान आणि कान झाकायचे. हे सांगून जमत नाही, नाटक करून घ्यावं लागतं, एक मूल कुत्रा, बाकीची झाडं, आणि मुलांना ते आवडतंच.

इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठातल्या संशोधनात दिसलं की लहान मुलं दात विचकणारा कुत्रा बघून तो हसतोय असं समजतात. म्हणून चित्रं दाखवून मागे गेलेले कान, पायांत घातलेली शेपूट, गुरगुरणं यांचा अर्थ शिकवावा लागतो, आणि अगदी लहानग्यांना तर शिकवण्यापेक्षा नजरेखाली ठेवणंच खरं.

शिकवून उपयोग होतो का? २००० साली प्रसिद्ध झालेल्या सिडनीतल्या एका अभ्यासात ७-८ वर्षांच्या मुलांना अर्ध्या तासाचा धडा दिला आणि काही दिवसांनी शाळेच्या मैदानात एक अनोळखी पण शांत कुत्रा बांधून ठेवला. धडा न मिळालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांनी त्याला हात लावला, मिळालेल्यांपैकी फक्त ९ टक्के मुलांनी. प्रत्यक्ष चावे कमी झाले का हे त्यात मोजलेलं नव्हतं, आणि असा एखादा धडा वर्षानुवर्षं टिकेल असं धरून चालू नये, दरवर्षी उजळणी हवीच. त्यासाठी २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन सोयीचा पडतो, तो पाश्चर यांचा स्मृतिदिन आणि २००७ पासून पाळला जातो.

नुसत्या शिक्षणाने रेबीज जात नाही, भागातल्या निदान ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की मगच साखळी तुटते. फिलिपिन्समधल्या बोहोल बेटावर २००७ मधे सुरू झालेल्या कार्यक्रमात दोन्ही एकत्र केलं होतं, कुत्र्यांचं लसीकरण आणि प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमात रेबीजचे धडे. जिथे धोका फार आहे तिथे मुलांना चावायच्या आधीच लस देण्याचीही पद्धत आहे, पेरूमधे ॲमेझॉन जंगलातल्या वस्त्यांवर तशी दिली गेली. पण आधी लस घेतलेल्या मुलालाही चावल्यावर जखम धुणं आणि पुढचे डोस लागतातच, फक्त इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही.