उष्णतारोधक पेंट की अग्निरोधक पेंट? फायरप्लेस रंगवायच्या आधी हा घोळ मिटवा

हॉलमधली फायरप्लेस जुनाट दिसायला लागली की सगळ्यात स्वस्त इलाज म्हणजे रंग. विटा फोडून नवीन दगड बसवायचा म्हटलं तर खर्च कुठच्या कुठे जातो, आणि रंगाचं काम दोन-तीन दिवसांत आपलं आपण करता येतं. पण रंग आणायला गेलं की दोन डबे समोर येतात, एकावर हीट रेझिस्टंट लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर फायर रिटार्डंट, आणि आपण म्हणतो की दोन्ही आगीच्या जवळ लावायचेच आहेत ना, मग मिळेल तो घेऊ. असं करू नका प्लीज, कारण या दोन डब्यांची कामं जवळजवळ उलटी आहेत.

निम्मा घोळ शब्दानेच केलाय असं मला वाटतं. आपण एकाला उष्णतारोधक म्हणतो, दुसऱ्याला अग्निरोधक, आणि रोधक म्हटलं की मनात येतं की हा काहीतरी अडवणार. पण उष्णतारोधक पेंट उष्णता अडवतच नाही! तो फक्त ती सोसतो. खरं तर त्याला उष्णतासह म्हणायला हवं होतं. पत्र्याला तो लावला तर पत्रा पहिल्याइतकाच तापतो, मागची भिंतही तेवढीच तापते, फक्त रंगाचे पोपडे निघत नाहीत. अग्निरोधक पेंटचं तसं नाही, त्याला स्वतः टिकायचंच नसतं, आग लागली की तो फुगून जळका थर होतो आणि मागच्या लाकडाला थोडा वेळ मिळवून देतो. एक रोजच्या तापात जगणारा, दुसरा एका वाईट दिवसाची वाट बघत बसलेला.

आता आत काय असतं ते बघू, म्हणजे का ते कळेल. साध्या पेंटमध्ये रंगाचे कण धरून ठेवणारं जे रेझिन असतं ते सेंद्रिय असतं, जास्त तापलं की पिवळं पडतं, मऊ होतं, मग करपतं. उष्णतासह पेंटमध्ये त्याच्या जागी सिलिकॉनचं रेझिन असतं, आणि सोबत अ‍ॅल्युमिनियमची पूड किंवा तापात न बदलणारे काळे-करडे कण. म्हणूनच हे पेंट बहुतेक काळ्या, करड्या, चंदेरी अशा मोजक्याच रंगात मिळतात, त्यात गुलाबी शोधू नका. चांगल्या प्रतीचा डबा 600 अंश सेल्सियसच्या आसपास टिकतो असं त्याच्यावर लिहिलेलं असतं. आणि एक गोष्ट खूप जणांना माहीत नसते, हा पेंट हवेत सुकतो पण पक्का होतो तो तापल्यावर. त्याबद्दल पुढे सांगते.

अग्निरोधक पेंटमध्ये, म्हणजे फुगणाऱ्या जातीच्या, तीन गोष्टी एकत्र कालवलेल्या असतात. अमोनियम पॉलिफॉस्फेट, जे तापलं की आम्ल सोडतं, पेंटाएरिथ्रिटॉल, ज्यातून कोळसा तयार होतो, आणि मेलामाइन, ज्यातून वायू निघून तो कोळसा फुगतो. साधारण 200 अंशांच्या पुढे हे सुरू होतं आणि कागदासारखा पातळ थर बघता बघता काळ्या स्पंजसारखा जाड होतो. मी हे स्वतः बघितलंय. फायरप्लेसच्या लोखंडी दारासाठी रंग मागितला तर दुकानातून मला हाच डबा दिला गेला, घरी येऊन मागचा बारीक मजकूर वाचला तेव्हा शंका आली म्हणून एका पत्र्याच्या तुकड्यावर दोन हात मारले, नीट वाळू दिलं आणि अंगणात गॅसच्या टॉर्चची ज्योत धरली. अर्ध्या मिनिटात त्यावर फोड आले, फोड एकमेकांत मिसळले, आणि बोटभर जाडीचा काळा फेस उभा राहिला, बोट लावलं तर भुगा. हे माझ्या दारावर पहिल्याच थंडीत झालं असतं. दार बंद व्हायचं थांबलं असतं आणि तो भुगा रोज निखाऱ्यांत पडला असता.

म्हणजे जिथे रोज तापतं तिथे अग्निरोधक पेंट चालत नाही, इतकं तरी पक्कं लक्षात ठेवा. आतली लोखंडी चौकट, दार, निखाऱ्यांची जाळी ठेवतो तो भाग, आतल्या विटा, ही सगळी उष्णतासह पेंटची जागा. तिथेही डब्यावर वीट लिहिलीये की फक्त धातू ते वाचून घ्या. आणि गॅसची फायरप्लेस असेल तर बर्नरला किंवा नकली ओंडक्यांना कुठलाच रंग लावू नका, कंपनीच्या माहितीपत्रकात जे चालतं म्हटलंय तेवढंच.

मग उलटा प्रश्न येतो, आणि हा जास्त धोक्याचा आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. लोक म्हणतात, आमची लाकडी मँटल, म्हणजे फायरप्लेसच्या तोंडावरची फळी, आगीच्या तोंडाला फार जवळ आहे, तिला अग्निरोधक पेंट लावला तर झालं ना सुरक्षित? नाही झालं. हा पेंट जागा होतो 200 अंशांच्या पुढे. तुमची मँटल रोज संध्याकाळी समजा 90-100 अंशांवर तापतीये, तर पेंट शांत झोपलेला असतो आणि लाकूड मात्र आतून हळूहळू भाजत असतं. लाकूड साधारण 250 ते 300 अंशांच्या दरम्यान पेट घेतं असं आपण वाचतो, पण वर्षानुवर्षं तापत राहिलेलं लाकूड त्याहून कमी तापमानालाही पेटू शकतं कारण त्याचा हळूहळू कोळसा होत गेलेला असतो. अर्ध्या मिलिमीटरचा रंग ही उष्णता अडवू शकत नाही. तिथे उपाय एकच, अंतर. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या कोडमध्ये फायरप्लेसच्या तोंडापासून 6 इंचांच्या आत जळणारं काहीच नको असं आहे, आणि 12 इंचांपर्यंत जे लाकूड येतं ते दर इंच अंतरामागे 1/8 इंचापेक्षा जास्त पुढे यायला नको. तुमच्याकडचा नियम वेगळा असेल तर तो पाळा, पण या आकड्यांवरून अंदाज येतो की किती जागा लागते. मँटल त्याहून जवळ असेल तर ती वर सरकवा किंवा खाली धातूची पट्टी थोडी पोकळी ठेवून बसवा. रंगावर भिस्त ठेवू नका, खरंच.

तर मग अग्निरोधक पेंट वापरायचा कुठे? खोलीत आग लागलीच तर ती लाकडी पॅनेलिंगवरून, छताच्या फळ्यांवरून भराभर पसरू नये यासाठी. युरोपात बांधकामाच्या साहित्याला आगीबाबत ए ते एफ असे वर्ग देतात, ए सगळ्यात सुरक्षित, साधं लाकूड बहुधा डी मध्ये येतं आणि अशा पेंटने ते बी पर्यंत जाऊ शकतं. पण त्यासाठी डब्यावर दिलेली जाडी बसायलाच हवी, एका लिटरमध्ये किती चौरस मीटर ते मोजूनच लावायचा, हात आखडून पातळ फासला तर रंग दिसतो आणि गुण मिळत नाही. ओलाव्याने खराब होऊ नये म्हणून वरून त्याच कंपनीने सुचवलेला टॉपकोट लागतो. हॉलच्या भिंतीवर मजल्यापासून छतापर्यंत लाकूड असेल तर विचार करा. नुसती स्कर्टिंग, दाराच्या चौकटी आणि एक मँटल असेल तर बजेटमध्ये त्याला जागा करायची गरज मला तरी दिसत नाही.

आणि आता बजेटची खरी गंमत. फायरप्लेसच्या बाहेरच्या बाजूच्या विटांना, म्हणजे खोलीत आपल्याला दिसतात त्या मोठ्या भागाला, बहुतेक वेळा यातलं काहीच लागत नाही! लोक महागडा उष्णतासह पेंट अख्ख्या भिंतीवर फासतात. आधी मोजा ना. तासभर चांगली आग चालू ठेवा, मग इन्फ्रारेड थर्मामीटरने तोंडाच्या अगदी कडेला, तिथून वीतभर वर आणि मग मँटलच्या खाली असं बघा. थर्मामीटर नसेल तर तळहात टेकवा. जिथे हात आरामात टेकवून ठेवता येतो तिथे साधा चांगल्या प्रतीचा अ‍ॅक्रिलिक पेंट वर्षानुवर्षं टिकतो. जिथे हात झटकन मागे घ्यावा लागतो, बहुधा तोंडाभोवतीची एक-दोन विटांची ओळ, तेवढीच उष्णतासह पेंटने करा, काळी किंवा करडी, ती किनार दिसतेही छान. म्हणजे महाग डबा लहानात लहान आणायचा.

बाहेरच्या विटांवर खरा शत्रू उष्णता नाही, काजळी आहे. काजळी नीट न धुता वर पांढरा मारला की आठवड्याभरात तपकिरी डाग आरपार वर येतात, मग तिसरा हात, चौथा हात, डाग तिथेच. आधी कोरड्या ब्रशने झाडा, मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने घासा, हातमोजे घालून, स्वच्छ पाण्याने पुसा आणि दोन-तीन दिवस पूर्ण वाळू द्या. तरी तोंडाच्या वर काळसर छटा राहिली तर तिथे डाग दाबणारा प्रायमर, शेलॅकचा, म्हणजे लाखेचा, असेल तर उत्तम, पण त्यातलं स्पिरिट भुर्रकन पेट घेतं, म्हणून चूल गार आणि खिडक्या उघड्या.

लाकूडकामाचं थोडक्यात सांगते. मँटल आणि स्कर्टिंगला साधा पाण्याचा इनॅमल पुरतो, पांढरा हवा असेल तर तोच घ्या, ऑइल पेंटचा पांढरा काही वर्षांत पिवळट होतो. खाली जुना ऑइल पेंट असेल तर चकाकी जाईपर्यंत 180 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, लांबी भरा, चिकटणारा प्रायमर आणि मग दोन पातळ हात. पण घर जुनं असेल तर घासायच्या आधी शिशाची टेस्ट करा. अमेरिकेत शिशाच्या घरगुती पेंटवर बंदी आली ती 1978 मध्ये, बऱ्याच देशांत त्याहूनही उशिरा, आणि ती धूळ लहान मुलांच्या मेंदूला इजा करते. शिसं निघालं तर कोरडं घासायचं नाही, यात काटकसर नको.

आता उष्णतासह पेंट पक्का करायची गोष्ट, कारण इथे चांगलं झालेलं काम बिघडतं. आधी लोखंडावरचा गंज तारेच्या ब्रशने पूर्ण काढायचा, साधा मेटल प्रायमर लावायचा नाही, तो खाली करपतो आणि वरचा पेंट घेऊन उतरतो. पातळ हात मारायचे, जाड मारलात तर तापल्यावर फोड येतात. डब्यावर लिहिलंय तितके तास वाळू द्यायचं. मग पहिली आग अगदी लहान, चार काटक्यांची, अर्धा तास, आणि पूर्ण गार होऊ द्यायचं. दुसरी त्याहून मोठी, परत गार. तिसरी रोजच्यासारखी. पहिल्या दोन वेळेला धूर निघतो आणि वास येतो, डोळे चुरचुरतात, तो पेंटमधला उरलेला द्रव जळत असतो, घाबरू नका, पण खिडक्या सताड उघडा, लहान मुलांना आणि पिंजऱ्यातल्या पक्ष्यांना दुसऱ्या खोलीत न्या. पहिल्या आगीच्या वेळी पेंट थोडा मऊ लागतो, तेव्हा त्याला हात लावू नका आणि दारही आपटू नका. माझ्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात चिमट्याचा एक ओरखडा आहे तो त्याच अर्ध्या तासातला.