टाळेबंदीतली वीज आणि जून २०२० चे बिल : नागपूरची पार्श्वभूमी

टाळेबंदीतल्या तीन महिन्यांचा हिशेब एकत्र घेऊन आलेल्या जून २०२० च्या वीजबिलाचा विषय निघाला की नागपुरात आजही आवाज चढतो. तो राग समजून घ्यायचा तर त्याआधीच्या तीन महिन्यांत डोकवावे लागते. राज्याची विजेची मागणी कोसळत होती, आणि त्याच वेळी घराघरांतला वापर वाढत होता.

नागपूर हा वीज पुरवणारा जिल्हा. कोराडीच्या औष्णिक केंद्रातला पहिला वीजनिर्मिती संच १९७४ चा; आता तिथे ६६० मेगावॉटचे तीन मोठे संच आहेत. खापरखेड्याची क्षमता १,३४० मेगावॉट, मौद्याची २,३२०. उमरेड, सावनेर, कामठीचा कोळसा हाताशी. एवढे असूनही विदर्भाच्या गावांनी भारनियमनाची वर्षे सोसली, हे इथल्या कोणालाही वेगळे सांगायला नको. शहरात मे २०११ पासून महाल, गांधीबाग आणि सिव्हिल लाइन्स या विभागांचे वितरण खासगी फ्रँचायझीकडे होते. सप्टेंबर २०१९ मध्ये ते सरकारी कंपनीने परत घेतले. मीटर, रीडिंग, तक्रारी यांची घडी पुन्हा बसायची होती आणि सहा महिन्यांत टाळेबंदी आली.

२० मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवडसोबत नागपुरातलीही बहुतेक कार्यालये आणि दुकाने बंद झाली. २५ मार्चपासून देश थांबला. बुटीबोरी आणि हिंगण्याचे कारखाने, इतवारी, सीताबर्डी, रेल्वेगाड्या, सगळ्यांचा भार एकदम उतरला. एप्रिलमध्ये देशाचा एकूण वीजवापर आदल्या वर्षाच्या एप्रिलपेक्षा जवळपास चौथाईने कमी झाला. कोळशापासूनची निर्मिती तर सुमारे एक तृतीयांश घटली. सौर आणि पवन वीज आधी घ्यायची, मग उरलेल्यांत स्वस्त वीज आधी आणि महाग शेवटी, हा क्रम ठरलेला असल्याने कपातीचा मार औष्णिक संचांवर पडला. असा संच हवा तितका खाली आणता येत नाही. किमान भार तेव्हा ५५ टक्क्यांच्या आसपास ठेवावा लागे, म्हणजे ६६० च्या संचाला साधारण ३६० मेगावॉट. तेवढीही मागणी नसेल तर संच बंदच. तो पुन्हा पेटवायला वेळ आणि तेल दोन्ही लागते. बंद संचाचा स्थिर खर्च मात्र चालूच राहतो आणि करारानुसार तो वितरण कंपनीला, शेवटी ग्राहकाला, भरावा लागतो. मागणी घटली म्हणून वीज स्वस्त का झाली नाही, याचे उत्तर इथे आहे.

५ एप्रिलला रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे दिवे मालवण्याचे आवाहन झाले. सगळे दिवे एकदम बंद करू नका, मागणी अचानक कोसळली तर ग्रिड म्हणजे विजेचे देशभरचे जाळे कोलमडेल, असे तेव्हाचे राज्याचे ऊर्जामंत्री सांगत होते, तेही नागपूरचेच. त्यांच्यावर टीका झाली. देशभरात १२ ते १४ हजार मेगावॉटची घट धरली होती, प्रत्यक्षात ३१ हजारांहून अधिक झाली. जलविद्युत केंद्रे झटपट खाली-वर करून ग्रिड सांभाळले गेले. काळजी निराधार नव्हती, इतके तरी आकडे सांगतात.

आता बिलांकडे. संसर्गाच्या भीतीने मार्चअखेर मीटर रीडिंग थांबवले, ते योग्यच होते. पुढचा निर्णय मात्र विदर्भाचा विचार न करता घेतला गेला. बिले सरासरीने द्यायची ठरली आणि सरासरी धरली ती डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारीची. नागपुरात या तीन महिन्यांत पंखाही बंद असतो. होळीनंतर कूलरला नव्या ताट्या बसतात आणि मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. २०० वॉटचा कूलर दिवसाचे वीस तास चालला तर महिन्याला १२० युनिट त्याचेच होतात. एरवी दुपारी घरे रिकामी असत. त्या वर्षी सगळे कुटुंब दिवसभर घरात होते.

त्यातच १ एप्रिलपासून नवे दर लागू झाले. पहिल्या १०० युनिटला ३.४६ रुपये, १०१ ते ३०० च्या टप्प्याला ७.४३ रुपये, वीज वाहून आणण्याचा वहन आकार, वापर कितीही असो लागणारा स्थिर आकार आणि वीज शुल्क वेगळे. समजा हिवाळ्यात ९० युनिट वापरणाऱ्या घराने उन्हाळ्यात महिन्याला २५० युनिट वापरले. सरासरी बिलात विजेचा आकार सुमारे ३११ रुपये दिसला, खरा होता १,४६०. असे दोन महिने गेले आणि जूनमध्ये तिन्ही महिन्यांचा हिशेब एकत्र आला. आधी भरलेले वजा करूनही केवळ वीज आकाराचे सुमारे ३,७५९ रुपये. ज्यांचा पगार कापला गेला होता किंवा ज्यांचे दुकान बंद होते, त्यांच्या हाती हे बिल पडले.

एकत्र आलेले युनिट तीन महिन्यांत विभागून प्रत्येक महिन्याला स्वस्त टप्प्याचा फायदा दिला आहे, हे कंपनीचे म्हणणे बहुतांश बिलांपुरते खरे होते. बेरीज-वजाबाकी बरोबर असली तरी निर्णय बरोबर ठरत नाही. आदल्या वर्षीच्या एप्रिल-मेचा वापर संगणकात होता; तो आधार धरला असता तर आकडा वास्तवाच्या खूप जवळ गेला असता. मीटरचा फोटो मोबाइलवरून पाठवण्याची सोय होती, पण जिन्याखालच्या सामाईक मीटरपेटीपर्यंत जाऊन तो काढायचा आणि ॲपवर चढवायचा, हे भाड्याच्या खोलीतल्या वृद्ध जोडप्याकडून अपेक्षिणे अन्यायाचे होते. उद्योग आणि व्यापाऱ्यांना स्थिर आकार भरायला तीन बिलांची मुदत मिळाली. हवी होती माफी.

मग हप्त्यांची आणि एकरकमी भरल्यास दोन टक्के सवलतीची घोषणा झाली. दिवाळीपर्यंत मोठ्या दिलाशाची आशा दाखवली गेली आणि नोव्हेंबरात, वापरलेल्या विजेचे पैसे भरावेच लागतील, असे सांगण्यात आले. बिलांच्या होळ्या झाल्या. मार्च २०२१ च्या अधिवेशनात थकबाकीदारांची वीज तोडण्याला २ तारखेला स्थगिती मिळाली. अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, १० तारखेला, ती उठली.

तोवर मागणीही परतली होती. जुलै २०२१ मध्ये देशाची कमाल मागणी प्रथमच दोन लाख मेगावॉटवर गेली आणि एप्रिल २०२२ मध्ये कोळशाच्या टंचाईने राज्यात पुन्हा भारनियमन आले. कोराडीत ६६० मेगावॉटचे आणखी दोन संच उभारण्यावर मे २०२३ मध्ये जनसुनावणी झाली, ती याच वाढत्या मागणीच्या आधारावर. २०२४ मध्ये प्रीपेड स्मार्ट मीटरला नागपुरात कडाडून विरोध झाला तेव्हाही आंदोलकांच्या बोलण्यात जून २०२० चे बिल होते.