दुधाच्या दातांची कीड: न कोरता उपचार आणि पालकांचा संकोच

चार वर्षांच्या मुलाची किडलेली दाढ न कोरता, भुलीचे इंजेक्शन न देता, केवळ औषधाचा थेंब लावून कीड थांबवता येते, हे ऐकून पालकांना हायसे वाटते. मात्र किडलेला भाग कायमचा काळा पडेल हे कळताच ते थबकतात. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे ते औषध. त्यातील चांदी जंतू मारते आणि फ्लोराइड दाताचा मऊ पडलेला भाग पुन्हा कठीण होण्यास मदत करते. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले.

न्यूयॉर्क परिसरातील 120 पालकांचा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. दाढांवरचा काळेपणा सुमारे दोन-तृतीयांश पालकांना चालणार होता, समोरच्या दातांवरचा मात्र जेमतेम 30 टक्क्यांना. मुलाला पूर्ण भूल देण्याची वेळ येणार असेल, तर समोरच्या दातांसाठीही होकार बराच वाढत होता. यावरून पालक दिसण्यालाच महत्त्व देतात असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. बालवाडीत मुलाला चिडवतील, ही काळजी खरी आहे, आणि डॉक्टरांनी उपचाराआधीच डागांची छायाचित्रे दाखवून तिच्याविषयी बोलायला हवे.

मुंबईतील ज्या कुटुंबांचे मूळ गाव यवतमाळ किंवा चंद्रपूरकडे आहे, त्यांनी पाण्यातील फ्लोराइडमुळे डागाळलेले दात पाहिलेले असतात, त्यामुळे या शब्दाचीच त्यांना धास्ती वाटू शकते. ते डाग दात घडत असताना वर्षानुवर्षे रोज पोटात गेलेल्या जादा फ्लोराइडचे असतात. या उपचारात मात्र वर्षातून एक-दोनदा थेंबभर औषध दातावर लावले जाते.

दुसऱ्या एका उपचारात किडलेल्या दुधाच्या दाढेवर, कीड न खरवडता, स्टीलची तयार टोपी घट्ट बसवतात. स्कॉटलंडमधील दंतवैद्य नॉर्ना हॉल यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. ‘कीड आतच ठेवली तर ती वाढणार नाही का?’ हा पालकांचा प्रश्न अगदी रास्त आहे, कारण कीड पूर्ण काढलीच पाहिजे असेच पिढ्यान्‌पिढ्या दंतवैद्यांनीही शिकवले. परंतु जंतू जगतात ते तोंडातील साखरेवर; टोपीखाली ती पोहोचत नाही, जंतूंची उपासमार होते आणि कीड पुढे सरकत नाही.

घरातील वडीलधारे म्हणतात, ‘दुधाचेच दात, पडणारच आहेत.’ समोरचे दात सहा-सात वर्षांच्या सुमारास पडतात हे खरे, पण मागच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत टिकाव्या लागतात. त्या लवकर गेल्या तर शेजारचे दात सरकून कायमच्या दातांची जागा अडते.

मूल रात्री ठणक्याने उठत असेल किंवा हिरडीवर पुळी आली असेल, तर जंतुसंसर्ग दाताच्या नसेपर्यंत पोहोचलेला असू शकतो. तेथे हे उपाय पुरत नाहीत. अशा वेळी, तसेच कीड लहान असतानाही, मुंबई सेंट्रलच्या नायर दंत महाविद्यालयात किंवा फोर्टच्या शासकीय दंत महाविद्यालयात बालदंतचिकित्सा विभागात तपासणी करून घेता येते. औषध लावल्यानंतरही साधारण सहा महिन्यांनी दात पुन्हा दाखवावा लागतो. नोकरीतून रजा आणि लोकलचा प्रवास सांभाळणाऱ्या पालकांना ही फेरी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितली पाहिजे.