श्वासात गेलेलं तेल : व्हेपिंग आणि छातीतल्या दुखण्याची पार्श्वभूमी

२०१९ च्या जुलैत अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, मिलवॉकीच्या मुलांच्या रुग्णालयात एकामागून एक धडधाकट पोरं दाखल होऊ लागली. धाप, खोकला, छातीत दुखणं, ताप, उलट्या, झपाट्याने उतरलेलं वजन. छातीचा फोटो न्यूमोनियासारखा दिसत होता, पण तपासण्यांत जंतू सापडत नव्हता आणि अँटिबायोटिकला आजार दाद देत नव्हता. डॉक्टरांनी मुलांना खोदून विचारलं तेव्हा एकच गोष्ट सगळ्यांत सारखी निघाली : गेल्या काही आठवड्यांत प्रत्येकाने व्हेप, म्हणजे द्रव तापवून त्याची वाफ ओढायची ई-सिगारेट, ओढली होती. २५ जुलैला अशा ८ मुलांची माहिती जाहीर झाली आणि देशभरातल्या डॉक्टरांना आपल्याकडचे न उलगडलेले रुग्ण आठवू लागले.

बातमी त्या दिवशी फुटली, पण तिची मुळं बरीच जुनी आहेत.

तंबाखू न जाळता वाफ ओढण्याची कल्पना पेनसिल्व्हेनियातल्या हर्बर्ट गिल्बर्ट यांनी १९६३ मध्ये पेटंटसाठी मांडली आणि १९६५ मध्ये त्यांना ते मिळालंही. ते यंत्र बाजारात आलंच नाही. आजच्या ई-सिगारेटची सुरुवात २००३ च्या सुमारास बीजिंगमध्ये झाली. होन लिक हे औषधनिर्माते स्वतः भरपूर सिगारेट ओढत, आणि त्यांचे वडील फुफ्फुसाच्या कर्करोगाने गेले. सिगारेटमधला धूर आणि डांबर वगळून फक्त निकोटिन देता आलं तर माणसं वाचतील, हा त्यांचा हेतू प्रामाणिक होता. जळणाऱ्या तंबाखूच्या धुरात हजारो रसायनं असतात, त्या मानाने वाफेत घातक घटक कमी, हे आजही खरं आहे. त्याच आधारावर २०१५ मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने ई-सिगारेट सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक असल्याचा अंदाज मांडला. तो आकडा सिगारेटशी तुलना करून काढलेला होता. ज्या पोराने आयुष्यात कधी सिगारेट शिवलीच नाही, त्याच्यासाठी ती तुलना गैरलागू होती. हे मात्र फार थोड्यांनी सांगितलं.

व्हेपच्या द्रवात मुख्यतः प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असतं, त्यात निकोटिन आणि स्वाद. हे दोन्ही द्रव खाद्यपदार्थांत, औषधांत सर्रास वापरले जातात, स्वादही खाण्यातलेच. ‘खाण्यात चालतं’ या एका वाक्यावर सगळी खात्री उभी होती. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली मूळ चूक इथेच आहे. पोटात गेलेल्या पदार्थाशी आम्ल, पाचक रस आणि यकृत झुंजतात. फुफ्फुसातल्या वायुकोशांत असं काहीच नाही. तिथे हवा आणि रक्त यांच्यामध्ये केसाहून कितीतरी पातळ पडदा असतो, आणि तो भिजलेला राहावा म्हणून एक नाजूक थर.

ही चूक आधी एकदा उघड झाली होती. २००० मध्ये मिसूरी राज्यातल्या जॅस्पर गावच्या मायक्रोवेव्ह पॉपकॉर्न कारखान्यातल्या ८ माजी कामगारांच्या बारीक श्वासनलिका कायमच्या आकसल्याचं लक्षात आलं. दोष डायअॅसिटिलकडे गेला. पॉपकॉर्नला लोण्याचा वास देणारं हे रसायन खाल्लं तर निरुपद्रवी, पण गरम पिंपावरची त्याची वाफ ओढणाऱ्या कामगारांची फुफ्फुसं गेली. पुढे २०१५ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी ई-सिगारेटचे ५१ स्वाद तपासले, तेव्हा ३९ मध्ये डायअॅसिटिल निघालं. व्हेपमुळे नेमका हाच आजार होतो हे सिद्ध करणारा पुरावा तुटपुंजा आहे, म्हणून ‘पॉपकॉर्न लंग’ हा शब्द समाजमाध्यमांवर जितका सैल फिरतो तितका फिरवू नये. इशारा म्हणून मात्र तो पुरेसा होता.

एकेकट्या रुग्णांच्या नोंदीही वैद्यकीय नियतकालिकांत येत होत्या. २०१२ मध्ये ४२ वर्षांच्या एका बाईची नोंद झाली : सात महिने धाप, खोकला, ताप, आणि फुफ्फुसात स्निग्ध पदार्थामुळे आलेली सूज. त्रास सुरू झाला तो ई-सिगारेट सुरू केल्याच्या सुमारास. २०१८ मध्ये पिट्सबर्गच्या डॉक्टरांनी १८ वर्षांच्या मुलीची हकिगत लिहिली. जेमतेम तीन आठवडे व्हेप ओढल्यावर तिला धाप, खोकला आणि श्वास घेताना छातीत कळ सुरू झाली, आणि तिला व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं.

‘श्वास घेताना कळ’ हे शब्द नीट वाचावेत असे आहेत. फुफ्फुसाच्या आतल्या भागाला वेदना कळत नाही. वेदना कळते ती छातीच्या आतल्या आवरणाला. म्हणून खोल श्वासाबरोबर टोचू लागलं, तर सूज आवरणापर्यंत पोचली असण्याची शक्यता असते. क्वचित फुफ्फुसाला भोक पडून हवा छातीच्या पोकळीत शिरलेली असते, तेव्हाही असंच अचानक दुखतं. छाती आवळल्यासारखी, जड वाटणं ही वेगळी तक्रार. तिच्यामागे चिडून आकुंचन पावलेल्या श्वासनलिका असू शकतात. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात, नाडी आणि रक्तदाब चढतो, त्यामुळे धडधडही होते. सगळ्याला आपण ‘छातीत कसंतरी होतंय’ म्हणतो, पण कारणं एक नसतात.

निकोटिनचा वाटा एकाएकी वाढला तो २०१५ मध्ये. स्टॅनफर्डमध्ये शिकलेल्या जेम्स मॉन्सीस आणि अॅडम बोवेन यांची ‘जूल’ त्या वर्षी बाजारात आली. दिसायला पेनड्राइव्हसारखी. निकोटिनला बेन्झोइक आम्लाची जोड दिल्यामुळे घशाला जळजळ होईना. जास्त मात्रेचं निकोटिन नवख्या पोरालाही ठसका न लागता खोल ओढता येऊ लागलं, म्हणजे शरीराचा पहिला पहारेकरीच गप्प झाला. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत अमेरिकेतल्या हायस्कूलच्या २७.५ टक्के मुलांनी गेल्या महिनाभरात व्हेप ओढल्याचं सांगितलं.

आता पुन्हा त्या उन्हाळ्याकडे. २३ ऑगस्टला इलिनॉयने पहिला मृत्यू जाहीर केला. सप्टेंबरमध्ये विस्कॉन्सिन आणि इलिनॉयच्या ५३ रुग्णांचा अहवाल आला : बहुतेक तरुण, मधलं वय १९. निम्म्याहून अधिकांना छातीत दुखत होतं आणि दहातल्या आठांना पोटाचे त्रास होते, त्यामुळे काहींचं निदान आधी पोटाकडेच वळलं असेल तर नवल नाही. ८४ टक्क्यांनी टीएचसी, म्हणजे गांजातला नशा आणणारा घटक, व्हेपमधून ओढला होता.

कारणाचा शोध सरळ लागला नाही. युटामधल्या डॉक्टरांना फुफ्फुस धुऊन काढलेल्या द्रवातल्या पेशींत तेलाचे थेंब दिसले. मेयो क्लिनिकच्या विकृतितज्ज्ञांनी १७ रुग्णांच्या फुफ्फुसाचे तुकडे पाहिले, तर त्यांना तेल साचल्याची खूण दिसेना. त्यांना दिसली ती विषारी वायूने भाजल्यासारखी इजा. ८ नोव्हेंबरला अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने जाहीर केलं की १० राज्यांतल्या २९ रुग्णांच्या फुफ्फुस-द्रवात, एकूण एक नमुन्यात, व्हिटॅमिन ई अॅसिटेट सापडलं. डिसेंबरमध्ये हा आकडा ५१ पैकी ४८ झाला. तुलनेसाठी घेतलेल्या ९९ निरोगी माणसांत ते कुणातच नव्हतं.

हे व्हिटॅमिन आपल्या ओळखीचं. त्वचेच्या क्रीममध्ये असतं, गोळ्यांतून पोटात जातं. ते व्हेपमध्ये शिरलं काळ्या बाजारातून. टीएचसीचं तेल महाग आणि मधासारखं दाट. गिऱ्हाईक कार्ट्रिज, म्हणजे व्हेपमधली तेल भरलेली नळी, उलटी करून आतला बुडबुडा किती सावकाश चढतो ते बघायचं. सावकाश म्हणजे माल अस्सल. साध्या द्रवाने पातळ केलं तर चोरी पकडली जायची. व्हिटॅमिन ई अॅसिटेट मात्र रंगाने फिकट आणि तितकंच दाट, त्यामुळे भेसळ दिसायची नाही. फुफ्फुसात गेल्यावर ते वायुकोश उघडे ठेवणारा थर बिघडवतं आणि तापल्यावर त्यातून कीटीन नावाचा विषारी वायू सुटू शकतो, अशी दोन स्पष्टीकरणं मांडली गेली.

१८ फेब्रुवारी २०२० पर्यंत नोंद झाली २,८०७ रुग्णांची आणि ६८ मृत्यूंची. स्टेरॉइडने पुष्कळांना उतार पडला. मग कोविड आला. सीटी स्कॅनवर दोन्ही आजारांच्या धूसर छटा सारख्याच दिसायच्या. या आजाराची राष्ट्रीय मोजणीही तिथेच थांबली. गुन्हेगार सापडला, प्रकरण मिटलं, असा समज मागे राहिला. पण आपण फक्त निकोटिनच ओढल्याचं सांगणारे १४ टक्के रुग्णही त्या यादीत होते.

भारतात याच काळात कायदा झाला. मे २०१९ मध्ये आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, ई-सिगारेटवर संपूर्ण बंदीची शिफारस केली, आणि १८ सप्टेंबरला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी अध्यादेशाची घोषणा केली. डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसता साठा केला तरी सहा महिन्यांपर्यंत शिक्षा. तरीही मुंबई-पुण्यात फळांच्या स्वादाच्या, वापरून फेकायच्या व्हेप पोरांच्या हाती लागतात. त्या चोरून येतात, आत काय भरलंय हे तपासणारं कुणी नाही. कायद्याच्या आणि घरच्यांच्या भीतीने ती पोरं दवाखान्यात ‘काही ओढत नाही’ म्हणाली, तर डॉक्टर पुन्हा न्यूमोनियाच शोधत बसणार. छातीत दुखत असेल, दम लागत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा, डॉक्टरांना व्हेपबद्दल स्पष्ट सांगावं आणि शक्य असेल तर ती कार्ट्रिज सोबत न्यावी. मिलवॉकीच्या मुलांचं निदान झालं ते त्यांनी खरं सांगितल्यावरच.